दिव्याची साक्ष

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या केरी गावात देऊळ आणि आमचे घर यांत अंतर ते केवढे! माडांची एक बाग ओलांडली की झाले. परंतु अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, अंथरुणास खिळलेल्या माझ्या आत्येला तेवढेही अंतर दुस्तर झाले होते. पालखी चुकली की त्या दिवशीचे अन्न तिला गोड लागत नसे. म्हणून देवळाच्या ओसरीवर कॅमेरा बसवून पालखीचे चित्र तिच्या उशाशी आणण्याचा उद्योग मी आरंभिला.

प्रथम तांब्याची तार टाकली. या तारेची मर्यादा शंभर मीटरांची. आमचे अंतर दीडशेच्या घरात. दोन्ही टोकांची यंत्रे तांब्यावरून एकमेकांस विजेचे सूक्ष्म ठोके पाठवितात आणि परस्परांची खूण पटली म्हणजे जोडणीचा दिवा लागतो. आमचा दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. पुढे पावसाळ्याच्या तोंडी वीज कडाडली, तिचा झटका तारेतून शिरला आणि दोन्ही यंत्रे निकामी झाली.

तेव्हा काचतंतूचा आश्रय केला. काचेतून वीज वाहत नाही. वाहतो तो प्रकाश. काच पुरेशी निर्मळ केल्यास तीतून संदेश दूरवर धाडता येतील, हे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 साली दाखविले. त्या कार्यासाठी काव यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गेल्या कार्तिकात ऐन पालखीच्या रात्री चित्र नाहीसे झाले. उशाजवळच्या यंत्रावर मात्र हिरवा दिवा तेवत होता. त्यावर विसंबून मी अर्धा तास पडद्याचीच उलथापालथ करीत बसलो. अखेर आत्या म्हणाली, "दिवो पेटला मरे पुता, पूण पालखी खंय?"

त्या प्रश्नाने मी भानावर आलो. तो दिवा तांब्याच्या बाजूचा होता. यंत्रापासून पडद्यापर्यंतच्या हातभर तारेपुरतीच त्याची साक्ष! शेजारचा, काचतंतूचा दिवा विझलेलाच होता. देवळाकडे धावलो, तर तेथील यंत्रावर तोच दिवा लख्ख. काचतंतू दोन असतात: एक नेणारा, दुसरा आणणारा. घरचा प्रकाश देवळात पोहोचत होता. देवळाचा घरी येत नव्हता. पुतण्याला दूरध्वनीवरून सांगून दोन्ही टोकांस तंतूंची अदलाबदल केली, तोच घरचा दिवा लागला आणि देवळातला विझला. म्हणजे यंत्रे निर्दोष. दोष त्या एका तंतूचा. यंत्रे बंद करून त्याचे देवळातील टोक स्पिरिटाच्या बोटाने नव्हे, तर स्पिरिट लावलेल्या स्वच्छ मऊ कापडाने पुसले. प्रकाशाची ती वाट केसाच्या आठव्या हिश्श्याएवढी. धूप-कापराची काजळी तिला बुजविण्यास पुरेशी. हा प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्यास अपाय करू शकतो; म्हणून तंतूच्या तोंडात कोणी डोकावू नये.

दोन्हीकडचे दिवे लागले तेव्हा पालखी शेवटच्या प्रदक्षिणेत होती. घरी परतलो, तो आत्येचे हात जोडलेले होते.

आता चित्र गेले की मी आधी देवळाच्या टोकाची विचारपूस करतो. आपल्या बाजूचा दिवा लागला, एवढ्याने नाते जुळले असे होत नाही.