बदाम पावलांखाली मिटव

चि. मनूस,


स्वर्गारोहणाच्या चित्राचं तुझं कच्चं रेखाटन व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं. येशूचा चेहरा फार गोड उतरलाय. त्याच्यामागे मात्र तू देवळातल्यासारखी प्रभावळ काढलीस. नवल नाही. तुमच्या अकोल्याला जुनी परंपरा अलायन्स मिशनची, तिथे उपासनेत चित्रांना जागाच नाही. मग डोळ्यांसमोर आपल्या वऱ्हाडातले देव येणारच.

पण ती प्रभावळ नीट आठव. दोन्ही बाजूंना मकर, वर मधोमध कीर्तिमुख, आणि बूड पीठावर टेकलेलं. देव इथे नांदायला आलेला आहे. ख्रिस्ती चित्रांतलं बदामी तेजोवलय, म्हणजे मँडोर्ला, पायांखालीही मिटतं. वर टोक, खाली टोक. आतला जमिनीला लागतच नाही. सिरियातल्या राब्बुला शुभवर्तमानाच्या हस्तलिखितात, ५८६ सालच्या, हाच प्रसंग आहे: खाली मरिया आणि प्रेषित जमिनीवर उभे, वर बदामात येशू, त्याच्याखाली यहेज्केलाच्या दृष्टांतातले पंख आणि अग्निचक्रं.

अंगाभोवतीचं तेज काही ख्रिस्ती चित्रकारांनीच पहिल्यांदा काढलं असं नाही. दुसऱ्या शतकातल्या कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर बुद्धाच्या मस्तकामागे एक वलय आहे आणि अंगाभोवती दुसरं.

आता रंग. तू सोनेरी भरलास. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठात सहाव्या शतकातलं येशूच्या रूपांतराचं मोझेक आहे. त्यातला बदाम निळा आहे, कडेला फिकट आणि आत आत जाऊ तसा गडद. देवाच्या जवळ गेलं की उजेड वाढेल असं आपण धरून चालतो. त्या कारागिराने तिथे अंधार ठेवला. शुभ्र किरणं मात्र कड ओलांडून एलीया, मोशे आणि तिघा शिष्यांपर्यंत पोहोचतात. मला याहून खरं तेज कोणत्याच चित्रात दिसलं नाही.

कंपासने सारखी दोन वर्तुळं काढ, प्रत्येक दुसऱ्याच्या मध्यबिंदूतून जाणारं. मधला भाग तुझा बदाम. उंची रुंदीच्या साधारण १.७३ पट येईल.

बाकी सगळं खुशाल वऱ्हाडी असू दे. मूळचे गोव्याचे आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून मरियेला साडी नेसवत होते. तुझे प्रेषितही कपाशीच्या काळ्या मातीत उभे राहू देत. फक्त बदामाचं खालचं टोक येशूच्या पावलांखाली मिटव, आणि रंगवायला घेण्याआधी रेखाटन पुन्हा पाठव.

तुझी मावशी,
अमरावती