दिव्याखालचे गाव

कल्याणहून चंद्रपूरला निघालो म्हटले, की लोक लगेच विचारतात, ‘ताडोब्याला का?’ मी मात्र निघालो होतो एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, चार दिवस मुक्कामाला. गोंड राजांचा परकोट, महाकालीचे देऊळ, इरई नदी हे सारे त्याने हौसेने दाखवले. पण मनात राहिली ती त्याच्या अंगणातली तुळस.

पहाटे त्याची आई तुळशीचे एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होती. मला पाहून म्हणाली, ‘‘गुरुजी, तुमच्या इकडं दिवाळीच्या आंदी घर झाडतात. आमच्या इथं त रोजचीच दिवाळी हाये!’’ फडक्यावर करडी पूड उमटली होती. खाणी, कोळशाचे ट्रक, धुराडी. गावाभोवती कशालाच तोटा नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली, ती काही उगाच नव्हे.

दुपारी विद्यार्थ्याने कोळशाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. मी भाषेचा माणूस. कोळसा उगाळावा तितका काळाच, एवढेच मला ठाऊक. विज्ञान शिकवणाऱ्या त्या पोराने त्या दिवशी माझाच तास घेतला. खड्यावर चकचकीत आणि निस्तेज अशा बारीक रेघा होत्या. चकाकी होती पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची. त्या काळच्या पुरांनी झाडांबरोबर गाळही आणला. तो कोळशातच मुरला. म्हणून आपल्याकडच्या कोळशात राख बहुधा शेकडा ३० ते ४५ असते. गंधक मात्र टक्काभरही नसते.

‘‘मग बरा की!’’ मी म्हणालो.

‘‘सर, टक्का लहान, पण ढीग केवढा!’’

गंधक जळून झालेल्या वायूचे हवेत सूक्ष्म कण बनतात आणि छातीत शिरतात. धुरातली बरीचशी राख यंत्रे विजेच्या बळावर पकडतात. तिचे सिमेंट होते, विटा होतात. पुष्कळशी राखेच्या तळ्यांत साठते. आणि कर्ब? १२ किलो कर्ब जळला, की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. तो साऱ्या पृथ्वीला तापवतो, आणि कुठल्याच फडक्याने पुसता येत नाही.

निघताना त्याने विजेचे उंच मनोरे दाखवले. ‘‘सर, ही तार कुठे जाते, ठाऊक आहे? पडघ्याला. ७५२ किलोमीटर. तुमच्या कल्याणच्या शेजारीच!’’

१९९९ पासून ही वीज अशी आमच्या अंगाला येते आहे, आणि मला पत्ता नव्हता.

यंदा घरी आकाशकंदील लावला. बटण दाबताच गॅलरी उजळली. दिव्याखाली अंधार ही म्हण मी वर्गात कितीदा शिकवली असेल! दिवा आपल्या घरी आणि त्याखालचा अंधार ७५२ किलोमीटरवर, एका माउलीच्या तुळशीवर, असेही असते, हे मात्र तिच्या फडक्याने शिकवले.

खोलीतला रिकामाच जळणारा दिवा मी उठून मालवला. एवढ्याने तिची तुळस हिरवी होणार नाही. पण तो तसाच जळू देणे आता जमेना.