वाफेला वाट

ओलेपणाला मराठीत किती शब्द आहेत हे पावसाळ्यात कळतं. चिंब, निथळतं, ओलं, ओलसर, दमट, सर्द... आणि या सगळ्यांच्या शेवटी उभा असलेला ‘सादळलेलं’. हा शब्द आपण पापडाला लावतो, चिवड्याला लावतो, काडेपेटीला लावतो. एकदा वाळलेली वस्तू हवेतली ओल पिऊन पुन्हा मऊ पडली की ती सादळली. कपड्यांना आपण तो सहसा लावत नाही. का लावत नाही कोण जाणे, कारण सुती कापडासारखं सादळणारं दुसरं काही नसेल.

आम्हा गोंयकारांना याचं काही शिकवायला नको. जून ते सप्टेंबर आमच्या घरात दोऱ्याच दोऱ्या. सोप्यावर दोरी, ओवरीत दोरी, जेवायला बसलं तर डोक्यावर कुणाची तरी लुंगी! पण बेळगावचा पाऊस मला नेहमीच आमच्याहून चिवट वाटत आला आहे. आमच्याकडे तो कोसळतो आणि घटकाभर थांबतोही. बेळगाव पडलं अडीच हजार फुटांवर, घाटमाथ्याच्या लगेच मागे. तिथे जुलैत दिवस-दिवस भुरभुर चालते, वारा थंड, दुपारचा पाराही पंचविशीच्या आसपास. चोर्ला घाट चढून वर गेलं की गाडीची काच आतून धुकटते, तेव्हाच समजावं की आता अंगावरचा रुमालसुद्धा वाळणार नाही.

माझी मावशी बेळगावची. शहापुरातलं त्यांचं जुनं घर कौलारू होतं. त्या घरातली कपडे वाळवण्याची सोय मला अजून आठवते. न्हाणीघरात तांब्याचा बंब, स्वयंपाकघरात चूल, आणि चुलीच्या वर जरा बाजूला आडवी टांगलेली वेळूची वलणी. घरात तान्हं मूल असलं की निखाऱ्यांच्या शेगडीवर बुरडाचं डालगं उपडं घालायचं आणि त्यावर दुपटी-लंगोट पसरायचे. त्या दुपट्यांना धुराचा आणि ओव्याचा मिळून एक वास यायचा. तेव्हा वाटायचं, विस्तवाच्या उष्णतेने कपडे वाळतात. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं काम कौलं करत होती. कौलांच्या फटींतून धूर जसा वर निघून जायचा तशी कपड्यांतली वाफही निघून जायची. कुणी मुद्दाम तशी योजना केली होती असं नाही, पण घरच सगळीकडून श्वास घेत होतं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या जॉर्ज सॅम्पसन नावाच्या माणसाने १८९२ साली कपडे वाळवण्याच्या एका साधनाचं पेटंट घेतलं. काय होतं ते? स्टोव्हच्या उष्णतेवर कपडे वाळवायची चौकट! आमच्या डालग्याचा सातासमुद्रापारचा चुलतभाऊच म्हणायचा. पुढे त्या चौकटीचं फिरतं पिंप झालं, विस्तवाच्या जागी गॅस नाहीतर विजेची कॉइल आली, पंखा आला. मूळ गोष्ट तीच राहिली.

असो. आता मावशी नाही. शहापुरातलं घरही विकलं गेलं. मावसभाऊ आणि वहिनी टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि काका त्यांच्यापाशी. काकांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणावरच आहेत. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मी काय सांगणार! दिवसाला तीन चादरी, दोन दुलया, अंगातले बंडी-पायजमे वेगळेच. आणि चादर ओलसर असून चालत नाही. ओल आणि घर्षण एकत्र आलं की पाठीची कातडी सोलवटते, मग जखम, आणि या वयातली ती जखम भरून येणं म्हणजे दिव्य. डॉक्टरांनी वहिनीला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

म्हणून त्यांनी ड्रायर घेतला. (आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हटलं की पुष्कळांना दोन टबांच्या मशीनमधला तो गरगर फिरणारा छोटा टब आठवतो. तो नव्हे. तो नुसता पिळतो, वाळवत नाही.) हा खरा ड्रायर, गरम हवेचा, मागून जाड नळी निघणारा. आणि जुलैत मी गेले तेव्हा वहिनी रात्री साडेअकराला इस्त्री घेऊन चादरी वाळवत बसलेली! दोन-दोन तास यंत्र फिरवूनही चादर मधोमध दमट निघत होती. विजेचं बिल चढत होतं, कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘पावसाळा आहे मॅडम, असंच होणार’ म्हणून गेला होता, आणि दोघं नवराबायको एकमेकांशी तुटक बोलत होती. मावसभावाचं म्हणणं, यंत्र खराब, परत करू. वहिनी म्हणे, परत केलं तर मी काय करू? हा प्रश्न यंत्राचा नव्हता. तिची झोप महिनाभर झाली नव्हती.

शेवटी ओळखीतून निपाणीचा एक मेकॅनिक मिळाला. बेळगावात कामाला येऊन-जाऊन असतो. त्याचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते हे त्याने आल्या-आल्याच सांगितलं, का ते नंतर कळलं. त्याने यंत्राला हातसुद्धा न लावता आधी युटिलिटीच्या भिंतीवर तळवा टेकवला. कर्नाटकात फ्लॅटच्या मागच्या धुण्याभांड्याच्या गॅलरीला युटिलिटीच म्हणतात. पाऊस आत येतो म्हणून तिला चारी बाजूंनी काचा लावून घेतलेल्या, आणि ड्रायरची नळी त्याच बंद खोलीत मोकळी सोडलेली.

“अक्का, मशीन बराबर हाय,” तो म्हणाला, “खोलीच वली हाय. वाफ जायाची कुठं?”

मला हिशेब करायची खोड आहे, म्हणून मी रात्री बसून केला. २२ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १९-२० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. बेळगावच्या जुलैत ती आधीच जवळजवळ भरलेली असते. ती गॅलरी सुमारे १७ घनमीटरची. म्हणजे अगदी कोरडी हवा भरली असती तरी सव्वातीनशे ग्रॅम पाणी. यंत्राने खोली तापवून ३० अंशांवर नेली तर पाचशेच्या थोडं वर. आणि चार किलो चादरींत पाणी किती? वहिनी कपडे धुण्याच्या मशीनला ६०० फेऱ्यांवर पिळायला लावायची, चादरी फाटू नयेत म्हणून. तेवढ्या पिळण्याने कापडाच्या वजनाच्या पाऊणपट तरी पाणी आत राहतं, म्हणजे तीन लिटर! ते अर्ध्या किलोच्या जागेत कसं मावणार? यंत्र आपलं तीच वाफ परत ओढून घेत होतं आणि त्याच चादरींना पाजत होतं.

मेकॅनिकने एका तावदानाची काच काढून तिथे भोक पाडलेली प्लायवूड बसवली आणि नळी बाहेर काढली. नळी कापून आखूडही केली. ती मध्ये झोळीसारखी लोंबत होती आणि त्या झोळीत पेलाभर पाणी साचलेलं. अशा साचलेल्या पाण्याने हवेची अर्धी वाट बुजते. मग त्याने दारातली जाळी काढली. कपड्यांतून सुटलेल्या सुताच्या लवेची जाळी वहिनी रोज साफ करत होती, दिसायला ती लख्ख होती. त्याने ती नळाखाली धरली तर पाणी जाळीतून खाली जाईना, वरच तळं! कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य असतं ना, त्याचा चिकट पापुद्रा जाळीवर धरतो, डोळ्यांना दिसत नाही. साबण आणि जुना टूथब्रश, दोन मिनिटांचं काम. पिंपाच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात, कपडे ओले की कोरडे ते यंत्राला त्यांवरून कळतं. त्यांवरही तोच पापुद्रा. त्या व्हिनेगरने पुसल्या. त्या लवेबद्दल मात्र त्याने दम भरला: ती साठू द्यायची नाही, कॉइलपाशी गेली तर पेट घेते.

चादर मधोमध का ओली राहते तेही त्याने दाखवलं. फिरताना तिचं बोचकं होतं, आत उशीचे अभ्रे आणि टॉवेल गुंडाळले जातात. वरचा थर वाळला की यंत्राला वाटतं झालं काम. त्यातून सिंथेटिक कपडे सोबत असले तर ते अर्ध्या वेळातच वाळतात. तेव्हा चादरी वेगळ्या, एका वेळी दोनच, आणि मध्ये एकदा थांबवून झटकायच्या. पिळण्याच्या फेऱ्या १२००. त्याने पाणी निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. लिटरभर पाण्याची वाफ करायला कमीत कमी दोन-तृतीयांश युनिट वीज लागते, पिळायला त्याच्या मानाने नगण्य.

चहा घेताना तंबाखूचा विषय निघाला. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली शरद जोशींबरोबर तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला होता, ते वहिनीच्या माहेरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मेकॅनिक सांगत होता, वाळलेलं पान भर उन्हात हाताळलं तर भुगा होतो, म्हणून पहाटेच्या दवात ते जरा मऊ पडलं की उचलायचं. आणि पावसाळी हवा वखारीत शिरली की तेच पान सादळून बुरशी धरतं. “पान हवेतलं पाणी वडतं. कापूस बी वडतोय की.” खरं आहे. इचलकरंजीच्या सूतबाजारात सुती सुताच्या वजनात साडेआठ टक्के ओल धरूनच हिशेब होतो. पॉलिएस्टरची जेमतेम अर्धा टक्का. पुस्तकातला आकडा, पण मेकॅनिक तो वखारीत शिकून आला होता.

एक गंमत राहिलीच. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर यावरून डोकी फुटली, तिथल्या घराघरात शिरलेल्या या यंत्राच्या बटणांवर ना कन्नड ना मराठी! वहिनीने प्रत्येक बटणाखाली कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘चादर’, ‘टॉवेल’, ‘थांब’.

जाताना मेकॅनिकने आणखी एक सांगितलं. यंत्र जेवढी हवा बाहेर फेकतं तेवढी कुठूनतरी आत यायला हवी, तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवा. पाऊस असला तरी. त्या रात्री दोन चादरी सव्वा तासात वाळल्या. गरम कापड हाताला जरा ओलंच लागतं, म्हणून वहिनीने त्या दहा मिनिटं खाटेवर पसरल्या, मग काकांना कुशीवर वळवून खाली घातल्या. काकांना बोलता येत नाही, त्यांनी चादरीवरून डावा हात दोनदा फिरवला. अकराच्या आत घरातले दिवे बंद झाले.

ऑक्टोबरात पुन्हा गेले तर ड्रायरवर जुनी चादर टाकून ठेवलेली, आणि गच्चीवर वाऱ्याने फडफडत चार चादरी.