अक्षावरचा म्यू

आलेख समोर आला की बहुतेकांची नजर रेषेवर जाते. माझी आधी उभ्या अक्षाकडे जाते. चेन्नईतल्या पेरुंगुडीत ओएमआर रस्त्यावरच्या कचेरीत स्टॅटिस्टिकल प्रोग्रामिंग करायला लागल्यापासूनची ही सवय. औषधांच्या चाचण्यांचे आलेख काढणं हे आमचं काम. गोळी घेतल्यावर औषधाचं रक्तातलं प्रमाण तासागणिक कसं चढतं, कधी शिगेला पोचतं, किती वेळात निम्म्यावर येतं, हे त्या रेषेत दिसतं. पण ती रेषा मायक्रोग्रॅममध्ये आहे की मिलिग्रॅममध्ये, हे फक्त अक्षावरचं एकक सांगतं. दोहोंत हजारपटीचा फरक, आणि कागदावर तो म्यू या एका ग्रीक अक्षराएवढा.

एका जुन्या अभ्यासाचे आलेख नव्याने काढायचं काम आमच्याकडे आलं होतं. अहवाल कित्येक संगणकांवरून फिरून आलेला. त्यात एका आलेखाच्या अक्षावर मिलिग्रॅम होतं आणि त्याच आकड्यांच्या तक्त्यात मायक्रोग्रॅम. खरं कुठलं मानायचं? उलगडा झाला तो भलत्याच पानावर. सहभागींच्या वयाच्या अटीत, जिथे ≥ १८ आणि ≤ ६५ असायला हवं होतं, तिथे अठराच्या आधी घनाचा बारीक तीन आणि पासष्टच्या आधी पौंडाचं चिन्ह छापलेलं होतं.

जुन्या ‘सिम्बॉल’ फॉन्टची ही खूण आहे. त्या फॉन्टमध्ये ग्रीक अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. एमच्या जागी म्यू, बीच्या जागी बीटा. ≤ ज्या क्रमांकावर आहे, तिथे साध्या फॉन्टमध्ये पौंड असतो. ≥ च्या जागी घनाचा तीन. वाटेत कुठे फॉन्ट गळून पडला की म्यूचा एम होतो आणि मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम. ± मात्र दोन्हीकडे एकाच क्रमांकावर असल्यामुळे शाबूत राहतं, म्हणून वरवर चाळणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. पौंड निदान डोळ्यांत खुपतो. ‘मिलिग्रॅम’ खुपत नाही, कारण तेही खरंखुरं एकक आहे. आम्ही मूळ विदेपाशी जाऊन ताडून पाहिलं. तक्ता बरोबर होता.

हाताने लिहितानाही हा धोका आहेच. औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसच्या धोकादायक संक्षेपांच्या यादीत म्यूवालं मायक्रोग्रॅम आहे, तशीच ‘पेक्षा मोठं’ आणि ‘पेक्षा लहान’ ही चिन्हंही आहेत.

आमच्या विदेत मुळात म्यू नसतोच. चाचण्यांची विदा ज्या सीडिस्क मानकांनुसार साठवतात, त्यात म्यूच्या जागी साधा रोमन यू लिहितात. ते योग्यच आहे. युनिकोडमध्ये दिसायला सारखे पण क्रमांकाने वेगळे असे दोन म्यू आहेत, एक ‘मायक्रो’चं चिन्ह आणि दुसरं ग्रीक अक्षर. दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळे म्यू वापरले तर संगणकाला ती दोन वेगळी एककं वाटतात. म्हणून साठवताना यू. पण वाचणाऱ्या डॉक्टरसमोर म्यूच यायला हवा, आणि तो बदल प्रोग्रामरच्या हातून होतो.

आर या भाषेतली याची सोय मला फार आवडते. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात ही भाषा घडवली. आलेखांवर गणित लिहिण्याची ‘प्लॉटमॅथ’ पद्धत पॉल मरेल आणि इहाका यांनी २००० साली एका शोधनिबंधात मांडली. त्यांनी लेबलसाठी निराळी भाषा काढली नाही. लेबल म्हणजे आरमधलंच एक सूत्र, फक्त त्याचं उत्तर न काढता ते जसंच्या तसं चितारायचं. डोनाल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत गणिताच्या मांडणीचे जे नियम आहेत, त्यांच्याच वळणाने.

नव्याने येणाऱ्यांना मी पहिला सराव पेरुंगुडीच्याच हवेचा देते. तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं केंद्र इथे आहे. शिवाय कचऱ्याचा मोठा डेपो आणि त्याला लागून पळ्ळिकरणैची पाणथळ, जिला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इथली हवा कशी आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं असतं. आलेख पीएम २.५ या सूक्ष्म कणांचा. त्यावर दोन आडव्या रेषा काढायच्या: भारताच्या २००९च्या मानकाची, चोवीस तासांसाठी ६०, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली, १५. दोन्ही मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. एवढ्याशा लेबलात पायाशी बसणारे अंक, ग्रीक अक्षर आणि घन, तिन्ही येतात.

मदुराईहून आलेली एक मुलगी या सरावाला बसली होती. तिने म्यूचं रोमन नाव आणि जी जोडून लिहिलं, तर अक्षावर ‘mug’ असा शब्द उमटला. मध्ये जागा सोडली, तर प्रोग्रामच अडला. “अक्का, एवढीशी जागा का चालत नाही?” मी तिला म्हटलं, हे वाक्य म्हणून वाचू नकोस, सूत्र म्हणून वाच. सूत्रात दोन नावं नुसती शेजारी ठेवता येत नाहीत, मध्ये क्रिया लागते. इथे गुणाकाराची चांदणी दोघांना चिकटवते, नागमोडी टिल्ड मध्ये जागा सोडते आणि चौकोनी कंस अंक पायाशी उतरवतो. मग तिने आपणहून चाचण्यांमधलं अवघड लेबल घेतलं, वक्राखालचं क्षेत्रफळ, पायाशी शून्य ते ∞, आणि ते पहिल्याच फटक्यात जमलं. मला मनापासून आनंद झाला.

खरी कसोटी लागते ती मोजून आलेला आकडा लेबलात घालायचा असतो तेव्हा. आरच्या नुसत्या ‘एक्स्प्रेशन’ फंक्शनमध्ये चलाचं नाव लिहिलं तर नावच छापलं जातं, किंमत नाही. ‘बीकोट’मध्ये टिंब आणि कंस देऊन किंमत आत सोडता येते. पण तीही संख्या म्हणून सोडली तर ०.८० चं ०.८ होतं. चाचणीच्या अहवालात दशांशस्थळं आधी ठरवलेली असतात. तिथे दुसरं शून्य म्हणजे मोजमाप किती बारकाईने मांडलंय याची कबुली. ते गाळायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून आकडा आधी मजकुरात बदलून घ्यायचा, मग सूत्रात.

काही जण आलेख काढून झाल्यावर चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने म्यू चिकटवतात. याला माझा ठाम विरोध आहे. विदा बदलली की आलेख पुन्हा निघतो आणि चिकटवलेलं चिन्ह मागच्याच चित्रात राहतं. एकक विदेतून यावं, प्रोग्राममधून अक्षावर उतरावं, आणि पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केलेला असावा. आमच्याकडे आता तपासणीच्या यादीत एक ओळ वाढली आहे: अंतिम पीडीएफ दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या संगणकावर उघडायची, छापायची आणि प्रत्येक अक्षाचं एकक तक्त्यातल्या एककाशी मोठ्याने वाचून जुळवायचं. सध्या ते वाचन मदुराईची मुलगी करते.