बोर धरणाची सहल : आधी हिशेब, मग सायकल

सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असा समज आपल्या वस्त्यांत अजूनही आहे. त्याला कारणही आहे. हातावर पोट असणाऱ्याने दोन दिवस सुटी घेतली की दोन दिवसांची रोजी बुडते. म्हणूनच वर्ध्याहून बोरला जायचे ठरले तेव्हा आम्ही पाच कुटुंबे पंधरा दिवस आधी वही घेऊन बसलो.

बोर अभयारण्य सेलू तालुक्यात आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. पवनार, सेलू, हिंगणी असा रस्ता, अंतर सुमारे ३५ किलोमीटर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पावसाळ्यात जंगल बंद असते. म्हणून डिसेंबर महिना निवडला.

वाहनाचा हिशेब असा केला. धडधाकट मुले-मुली आणि तरुण मंडळी सायकलींवर. म्हातारी माणसे, लहान मुले व सामान एस.टी.ने. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. त्यासाठी आजीचे आधार कार्ड आठवणीने घेतले. परतीच्या गाडीची वेळ डेपोत विचारून वहीत लिहिली.

आठवडाभर आधी सायकली पवनारपर्यंत चालवून पाहिल्या. ब्रेक, चेन, टायर तपासले. सर्वांत मिळून एक हवेचा पंप, दोन ट्यूब, पंक्चरचे सामान आणि पाने, एवढे पुरते. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, टॉर्च आणि रात्रीसाठी जाड चादर. शिदोरीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-फुटाणे आणि संत्री. थकवा किंवा जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. चमचा चहाचा असावा.

पहाटे उजेड होताच एकामागे एक अशा रांगेत निघालो. भरल्या सायकलीने तासाला दहा किलोमीटर धरले तर दमछाक होत नाही. जंगलात मात्र पायी किंवा सायकलने जाता येत नाही. फाटकावर परवानगी घेऊन, वाटाड्यासह जिप्सीतच जावे लागते. म्हणून जिप्सी आणि मुक्काम दोन्ही आधीच ठरवले होते, आणि भाडे माणशी वाटून घेतले. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला सायकल घ्यायची नाही, हा नियम सर्वांनी पाळला. चूल पेटवली नाही, कचरा पिशवीत भरून परत आणला.

वाघ दिसला नाही. चितळ दिसले, सांबर दिसले, सागाच्या रानापलीकडे धरणाचे पाणी दिसले. घरच्या मुलींनी स्वतःच्या पायांच्या जोरावर ३५ किलोमीटर कापले, हे त्यांच्या आयांनी पाहिले.

बंधू-भगिनींनो, आपला जिल्हा आपल्या लेकरांचाही आहे. तो त्यांना दाखवायला मोटार लागत नाही. चार घरांचा मेळ आणि वेळेवर केलेला हिशेब लागतो.