एर्कोलानोचा कोळसा, मूसीचा खडक

एर्कोलानो हे नेपल्सजवळचं गाव दोन मजली आहे. वर आजची वस्ती: गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी, स्कूटरी, कॉफीची दुकानं. कठड्यावरून वाकलं की खाली खोल खड्ड्यात इसवी सन ७९ मधलं रोमन हर्क्युलेनियम, दारं-खिडक्यांसकट. मधली सगळी जाडी व्हेसुव्हियस ज्वालामुखीची. तिथं उभं राहिलं की आपण नेमके कुठल्या मजल्यावर आहोत, हेच कळेनासं होतं.

इथल्याच समुद्राकाठच्या एका श्रीमंती वाड्यात ग्रंथालय गाडलं गेलं. १७५० पासून नेपल्सच्या राजासाठी भुयारं खणून पुतळे काढणं चाललं होतं. १७५२ मध्ये हाती लागल्या काळ्याठिक्कर वस्तू, चुलीत विसरलेल्या कणसांसारख्या. काही तर कोळसा समजून टाकून दिल्या, म्हणतात. त्या होत्या पपायरसच्या गुंडाळ्या. तुकडे धरून अठराशेच्या आसपास. नवल असं, की इटलीच्या दमट हवेत पपायरस कधीच कुजून गेला असता. जळून कोळसा झाला म्हणूनच तो टिकला.

पण वाचायचा कसा? सुरीने कापावा तर चुरा. व्हॅटिकनहून आलेल्या पियाज्जिओ नावाच्या धर्मगुरूने रेशमी दोऱ्यांनी गुंडाळी टांगून हळूहळू उलगडणारं यंत्र केलं. पहिल्याच गुंडाळीला वर्षं लागली. त्या चिकाटीपुढे मी हात जोडतो. उलगडलेल्यांत बहुतेक लेखन निघालं एपिक्युरसपंथी फिलोडेमसचं, आणि शेकडो गुंडाळ्या तशाच बंद राहिल्या.

आता त्या न उघडताच वाचतात. अडचण मोठी विचित्र: कागद कोळशाचा, शाईही काजळीची, त्यामुळे क्ष-किरणांना दोन्ही सारखेच. केंटकीचे प्राध्यापक ब्रेंट सील्स वर्षानुवर्षं याच्या मागे होते. २०२३ मध्ये त्यांनी स्कॅन सगळ्यांसाठी खुले केले आणि बक्षिसं जाहीर झाली. शाई सुकल्यावर पृष्ठभागाला बारीक तडे जातात. ते तडे संगणकाला ओळखायला शिकवायचे, अशी युक्ती. त्याच ऑक्टोबरात एकवीस वर्षांच्या ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने बंद गुंडाळीतला पहिला शब्द वाचला: ‘जांभळा’. पुढच्या फेब्रुवारीत तो, इजिप्तचा युसेफ नादेर आणि स्वित्झर्लंडचा ज्युलियन शिलिगर यांनी दोन हजारांवर अक्षरं काढून सात लाख डॉलर पटकावले. मजकूर कशाचा? सुखाचा. दुर्मीळ पदार्थ जास्त आनंद देतो का, असा वाद, आणि त्यात संगीत नि खाणंपिणं. नेपल्समध्ये दुसरं काय निघणार होतं!

माझं घर हैदराबादच्या दिलसुखनगरला. तिथं विद्यार्थी म्हणजे नुसता पूर: कोचिंगच्या पाट्या, होस्टेलं, मेट्रोच्या खांबांना चिकटवलेली नोकरीची पत्रकं. एकवीस वर्षांची पोरं इथं गल्लोगल्ली भेटतात. मेट्रोने एकच स्टेशन पुढे चैतन्यपुरी. तिथून मूसी नदीच्या अंगाला गेलं की फणिगिरी कॉलनी, कोसगुंडला नरसिंहाचं देऊळ, आणि तिथल्या खडकावर कोरलेला ब्राह्मी लेख. भाषा प्राकृत, काळ पाचव्या शतकाच्या आसपासचा. हैदराबाद वसलं १५९१ मध्ये; म्हणजे हा लेख शहराहून हजारावर वर्षांनी थोरला. चारमिनारला आपण उगाच म्हातारा म्हणतो.

विष्णुकुंडी घराण्यातल्या गोविंदवर्म्याच्या नावाचा ‘गोविंदराजविहार’ इथं होता, असं लेख सांगतो. याच घराण्यातल्या माधववर्म्याची राणी वाकाटकांची, म्हणजे आपल्या विदर्भातल्या राजकुळाची लेक. त्यामुळे त्या खडकापाशी मला लेकीच्या सासरी आल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही. एर्कोलानोच्या एका अक्षरासाठी स्कॅनला कण-वेगक यंत्र जुंपतात. इथं अख्खा लेख उन्हापावसात उघडा आहे. मला स्वतःला नेपल्सपेक्षा हेच जास्त चमत्कारिक वाटतं. लेख वाचला गेला, छापला गेला, अभ्यासकांना तो ठाऊक आहे. माझ्या इमारतीत मात्र तो कुणाला माहीत नाही, आणि फिलोडेमसची बातमी तिघांनी मला मोबाईलवर धाडली.

एकदा त्या खडकाशी जाताना रिक्षावाल्याला थांबवून घेतलं होतं. तोही मागोमाग वर आला. “क्या लिखे साब?” मी सांगितलं: भिक्षा मागून जेवणारे भिक्षू इथं राहायचे, त्यांच्यासाठी दगडी घर केलं, त्याची ही नोंद. त्याने जरा विचार केला. दिवसभर होस्टेलच्या पोरांची सामानं वाहणारा माणूस तो.

“फिर किराया कौन देता था?”

“किराया नव्हताच,” मी म्हटलं, “म्हणून तर दगडावर लिहून ठेवलं.”

त्याला ते पटलं. परतीचं भाडं मात्र त्याने पुरतं वसूल केलं.