पाणी घालून चालतंय ना?

गाडीखाली रोज सकाळी हिरवट थेंब दिसायचे. मी काय करायचो? बॉनेट उघडून अर्धी बाटली पाणी ओतायचो आणि ऑफिस गाठायचो. गॅरेजला टाकायला वेळ कुणाला आहे, सांगा ना! महिनाभर असंच चाललं.

मग तो रविवार उजाडला. बाबांना रोह्याहून मुंबईला आणायचं होतं. सोमवारी सकाळी त्यांची अँजिओग्राफी. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून चिठ्ठीच दिली होती. पेण आलं, गणपतीचे कारखाने दिसायला लागले आणि टेम्परेचरची सुई थेट लालवर! एसी बंद केला, हीटर फुल केला (तेवढीच इंजिनची उष्णता बाहेर पडते), तर बॉनेटमधून वाफ. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद. फडकं घेऊन रेडिएटरचं टोपण फिरवणार, तोच समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक ओरडला, "दादा, हात लावू नका! तोंड भाजून घ्यायचंय का?"

टोपण घट्ट असतं तोवर आत दाब असतो, म्हणून शंभर डिग्रीच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. टोपण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. हे मला पेणमध्ये, वयाच्या तिशीत कळलं!

इंजिन थंड झाल्यावर त्यानं रेडिएटर उतरवला, तोंडं बंद करून पाण्याच्या टाकीत बुडवला आणि हवा भरली. पंक्चर शोधतात ना, अगदी तसंच. बुडबुडे आले ते वरच्या प्लॅस्टिकला गेलेल्या चिरेतून.

"हळद टाकून भागेल?" ही ट्रिक कुठंतरी ऐकली होती.

"चिरेला हळद काय करणार? वर आतल्या बारीक नळ्या चोंदतील. तांब्या-पितळेचा असता तर डाख दिला असता. याला नवाच लागेल. पार्ट यायला दुपार होईल."

बाबांना फोन केला. "तू तिथंच थांब, मीच येतो," म्हणाले. आणि दिव्याच्या पॅसेंजरनं पेणला हजर, हातात घावनांचा डबा! गॅरेजच्या बाकड्यावर टेकत त्यांनी विचारलं, "किती दिवस गळत होता?"

"महिनाभर. पाणी घालून चालत होतं ना."

बाबा हसले. मग हळूच म्हणाले, "माझंही तसंच रे. छातीत जळजळायचं, जिना चढताना जास्त. दोन महिने अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होतो. तुला कशाला टेन्शन, म्हणून..."

मला खूप रागवायचं होतं. पण कुठल्या तोंडानं?

संध्याकाळी नवा रेडिएटर बसला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, अर्धं-अर्धं. "नशीब, हेड वाकलं नाही," मेकॅनिक म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाबांना दोन स्टेंट टाकले.

आता दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघतो. मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. मग रोह्याला फोन.

"जिना चढताना काही होतं का?"

"काही नाही रे."

"नक्की ना, बाबा?"

मग जरा थांबून ते खरं काय ते सांगतात.